एक हजार एक्क्याण्णव ग्रॅम

आमच्या स्वयंपाकघरातला काटा पाच किलोंपर्यंत मोजतो. दिवाळीतली भाजणी आणि चिवड्याचे पोहे सोडले तर एरवी तो ओट्याच्या कोपऱ्यात पडून असतो. त्या रविवारी मी त्यावर कॅमेरा ठेवला. निकॉनचा डी ७२०० आणि त्याला लावलेली २००-५०० मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी लेन्स. आकडा पळत पळत तीन हजार शंभरच्या पुढे जाऊन थांबला. लेक चहा गाळत होती. मान वळवून म्हणाली, "आई, जन्मले तेव्हा मी एवढीच होते ना गं?"

"तू दोनशे ग्रॅमने हलकी होतीस. आणि तुला पाठीवर घेऊन मला शिड्या चढायच्या नव्हत्या."

शिड्या रतनगडाच्या. त्या रविवारच्या महिनाभर आधी नाशिकहून आम्ही आठजण गेलो होतो. रतनवाडीत अमृतेश्वराचं दर्शन घ्यायचं, जंगलातून घाम गाळत वर यायचं आणि मग कातळाला ठोकलेल्या लोखंडी शिड्या. पाठीवर कॅमेरा, दोन लेन्स, ट्रायपॉड, पाणी, डबा. शिडीवर आपण कातळाला चिकटून चढतो आणि सॅक आपल्याला मागे दरीकडे ओढत असते. उजवा हात उचलून वरची दांडी धरायला गेले आणि खांद्यात अशी कळ आली की हात अधांतरीच राहिला, वरही जाईना आणि खालीही येईना. मागे माणसं खोळंबली होती. "ताई, सावकाश, घाई नाही," असं खालून कुणीतरी म्हणालं, त्याने तर आणखीच लाज वाटली. शेवटी पोरांनी सॅक काढून दोरीने वर ओढली. नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, पोचले तेव्हा समोर अलंग, मदन, कुलंग, पलीकडे कळसूबाई, खाली भंडारदऱ्याचं पाणी, सगळं धुतल्यासारखं स्वच्छ. मी सॅक उघडलीच नाही. फोनवर दोन फोटो काढले आणि बसून राहिले.

डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर सांगितला. फिजिओथेरपिस्टबाईंनी विचारलं, "तीन किलो हातात धरून तुम्ही नेमकं काय करता?" पक्षी बसायची वाट बघते, म्हटलं. त्या हसल्या नाहीत. म्हणूनच काटा काढला.

मला डोंगरही हवे होते आणि पक्षीही, हीच खरी गोची होती. नुसते डोंगर असते तर प्रश्नच नव्हता, चांगला खिशातला कॅमेरासुद्धा चालला असता. पक्ष्यांना लांब लेन्स लागते आणि लांब लेन्स म्हणजे काच. काच जड. काच कमी करायची तर चित्र टिपणारा सेन्सर लहान हवा, म्हणजे तेवढ्याच चौकटीला आखूड लेन्स पुरते. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. माझ्या डी ७२०० चा साधारण साडेतेवीस बाय साडेपंधरा. मायक्रो फोर थर्ड्सचा १७.३ बाय १३, अंगठ्याच्या नखाएवढा. एक इंची म्हणतात तो १३.२ बाय ८.८, त्यात इंच कुठेच नाही. ते नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या नळ्यांवरून चालत आलंय. आणि दुकानात साठ पट, ऐंशी पट झूम म्हणून ज्यांच्या पाट्या लागतात त्यांच्यात बहुतेक वेळा सहा बाय साडेचार मिलिमीटरचा, तुरीच्या डाळीएवढा तुकडा असतो.

तो डाळीवाला मी आधी वापरून पाहिला. मैत्रिणीकडून तीन आठवडे मागून आणला. दुपारच्या उन्हात बांधावरचा चित्रबलाक असा काही टिपला की हेच घ्यावं वाटलं. संध्याकाळी साडेपाचला तोच पक्षी, तेच झाड, आणि पिसांचा नुसता शिरा झाला. प्रकाश कमी पडला की कॅमेरा आतल्या आत डाग पुसतो आणि पुसताना पिसंही पुसतो. पक्षी तर नेमके उजाडताना आणि मावळताना हालचाल करतात. परत केला.

मग दोन नावं उरली. सोनीचा आरएक्स १० मार्क ४ : २०१७ सालचा, एक इंची सेन्सर, २४ ते ६०० ची एकच न निघणारी लेन्स, वजन १०९५ ग्रॅम. आणि दुसरीकडे ओएम सिस्टमचा, मायक्रो फोर थर्ड्सवाला ओएम-५ : बॉडी ४१४ ग्रॅम, ७५-३०० ची लेन्स ४२३, १२-४५ ची २५४. बेरीज १०९१. चार ग्रॅमचा फरक! वहीत हे दोन आकडे एकाखाली एक लिहिले तेव्हा मलाच हसू आलं. (ही कंपन्यांच्या कागदावरची वजनं. झाकणं, पट्टा धरून आमच्या काट्यावर साडेअकराशेच्या वर जातं.)

लांबच्या टोकाला सोनी जिंकत होता हे कबूल करते. माझ्या लेन्सचं ३०० म्हणजे फुल फ्रेमच्या हिशेबात ६००. त्या ६०० ला सोनीची लेन्स एफ ४ राहते, माझी ७५-३०० एफ ६.७ वर येते, आणि हा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त. माझा सेन्सर मोठा असला तरी हिशेब केल्यावर सोनीकडे अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) प्रकाश जास्तच उरतो. तरी मी ओएम-५ घेतला. एक म्हणजे त्याच्या बॉडीतलं, हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन. त्याच्या भरवशावर ट्रायपॉड घरी ठेवता येतो आणि माझा ट्रायपॉड एकटाच पावणेदोन किलोंचा. दुसरं म्हणजे लेन्स बदलता येते, उद्या चार पैसे साठले तर जास्त प्रकाशाची लेन्स घेता येईल. तिसरं कारण कोणत्याच तक्त्यात नसतं : सोनीचा झूम मोटरवर फिरतो आणि माझ्या डाव्या हाताला लेन्स पिळायची वीस वर्षांची सवय. मैत्रिणीच्या नवऱ्याचा सोनी हातात घेऊन गच्चीवरून घारीमागे फिरवून पाहिला. डावा हात रिकामा पिळत होता.

बॉडी आणि १२-४५ नवी घेतली. ७५-३०० जुनी घ्यायची ठरवली आणि तिथे जवळजवळ फसले होते. एका गृहस्थांनी फोटो पाठवले, लेन्स आरशासारखी लखलखीत. भेटायला जाताना लेकीने फोनचा टॉर्च आठवणीने लावायला सांगितलं होतं. मागच्या बाजूने प्रकाश टाकला आणि पुढून तिरकं पाहिलं, तर आतल्या काचेच्या कडेला कोळिष्टकासारख्या बारीक पांढऱ्या रेघा. बुरशी. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसात कपाटात राहिलेली लेन्स ही अशी होते. त्या गृहस्थांना खरंच ठाऊक नव्हतं असं मी धरून चालते. दुसरी लेन्स मुंबईला फोर्टातल्या बोरा बाजारात मिळाली. दुकानदाराने स्वतःच टॉर्च पुढे केला. झूमची रिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवली, समोरच्या इमारतीच्या विटांवर ३०० ला चारही कोपरे तपासले, पैसे दिले, कटिंग प्यायले. दोन्ही लेन्सचं फिल्टरचं तोंड ५८ मिलिमीटरचं निघालं, तेव्हा चमक कापणाऱ्या एकाच फिल्टरमध्ये, पोलरायझरमध्ये, भागलं. ही गोष्ट मला विकत घेतल्यावर कळली, पण श्रेय मी घेते.

जुना कॅमेरा आणि २००-५०० भाच्याने घेतली, नात्यातल्या दरात.

पहिली फेरी नांदूर मधमेश्वरला. गोदावरी आणि कादवा भेटतात तिथला हा पसरट, गाळाने भरत आलेला जलाशय. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. आमच्यासाठी मात्र निफाडच्या पुढचं, सकाळी जाऊन जेवायला परत येण्याजोगं. चापडगावात उतरले तेव्हा अंगाला हुडहुडी आणि गळ्यात पाखरासारखा हलका कॅमेरा. वाटलं, आज रान मारणार.

काहीच जमलं नाही. ६०० ची चौकट म्हणजे किल्लीच्या भोकातून बघणं. जड लेन्स जडपणामुळेच स्थिर असायची, हे तोवर लक्षात आलं नव्हतं. ही हलकी, मनगट वळलं की आकाशच्या आकाश सरकायचं. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाणकणसावरून संथ तरंगत गेला, मी त्याला शोधत राहिले. सापडला तोवर पाठमोरा. वारकरी ढिगाने होते. त्या काळ्या, कपाळावर पांढरा टिळा लावलेल्या पाणपक्ष्याला आपल्याकडे वारकरी म्हणतात, त्याहून चांगलं नाव मला सुचत नाही. पण फोकस प्रत्येक वेळी पुढच्या गवताच्या पात्यावर. बत्तीस फोटोंत बत्तीस सुरेख पाती.

तीन-चार फेऱ्यांनंतर हात बसला. लेन्स कायम ७५ वर ठेवायची. पक्षी आधी मोठ्या चौकटीत मधोमध घ्यायचा, डोळा न काढता मग पिळत ३०० ला जायचं. फोकसचे सगळे ठिपके चालू ठेवले की कॅमेरा जवळचं पातं पकडतो, म्हणून एकच लहान चौकोन. गवतातल्या पक्ष्याला तोच, मोकळ्या आकाशात मात्र नऊ ठिपक्यांचा गट. उडत्याला शटर उघडं ठेवायचं ते सेकंदाचा सोळाशेवा भाग, जमलं तर दोन हजारावा. बसलेल्याला साठावा भागही चालतो, हात कोपरापाशी बरगडीला टेकवून श्वास सोडताना. जुन्या कॅमेऱ्यावर साठाव्या भागात मी कधी गेलेच नसते. आजचे नवे कॅमेरे पक्ष्याचा डोळा आपणहून शोधतात, ओएम-५ शोधत नाही. तो आपला आपण शोधायचा.

पण मोठा धडा दिला तो तिथल्या वाटाड्याने. नऊ वाजून गेले होते, पाण्यापल्याड थापटे आणि चक्रवाक ही बदकं बसली होती, मी एकामागून एक फोटो काढत होते आणि एकही टोकदार येत नव्हता. मी लेन्सला दोष देत होते. तो म्हणाला, "ताई, हवा हलायला लागली आता. लांबचं राहू द्या. इथं पायाखाली बघा ना." मी स्क्रीनवर मोठं करून पाहिलं. खरंच, बदकांच्या कडा पाण्यात पडल्यासारख्या लुकलुकत होत्या. पाणी थंड, वरची हवा तापायला लागलेली, शंभर-दीडशे मीटर तापलेल्या हवेच्या थरांतून बघायचं तर २००-५०० आणली असती तरी तेच मिळालं असतं. लांब लेन्सने लांबचं जवळ येतं, पण मधली हवाही येते. इतकी वर्षं मी मिलिमीटर वाढवत होते, खरं तर घड्याळ मागे न्यायला आणि चार पावलं पुढे सरकायला हवं होतं.

पायाखाली, म्हणजे कालव्याच्या काठाला, वाकलेल्या बाभळीच्या फांदीवर खंड्या बसला होता. छोटा, निळा, चिमणीएवढा. दहा-बारा मीटरवर. इथे मला कॅमेऱ्यातली एक सोय सापडली, जिच्यासाठी मी आता जुन्या जोडीपेक्षा कमी पडणारा सव्वा स्टॉप काय, दोन सोडायला तयार आहे. प्रो कॅप्चर म्हणतात तिला. बटण अर्धं दाबून धरलं की कॅमेरा आवाज न करता चित्रं घेत राहतो आणि टाकत राहतो. पूर्ण दाबलं की त्या क्षणाच्या आधीची चौदा चित्रं कार्डावर उतरवतो. सेकंदाला तीस या वेगाने चौदा म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद मागचं. खंड्या सूर मारतो तेव्हा डोळ्याला दिसून बोट हलेपर्यंत फांदी रिकामी झालेली असते, वीस वर्षं माझ्याकडे रिकाम्या फांद्यांचा उत्तम संग्रह होता. त्या दिवशी बोट अर्धं दाबून उभी राहिले. एक मिनिट. दोन. बोटाला मुंग्या आल्या. खंड्याने मान खाली केली, वर केली, शेपटी टचकन हलवली, आणि गेला. मी नेहमीसारखीच उशिरा दाबलं.

स्क्रीनवर मागे मागे गेले. सहाव्या चित्रात तो अजून फांदीवर होता, पण पाय ताठ, चोच खाली. सातव्यात पंख अर्धे उघडलेले आणि एक पाय फांदीला. आठव्यात फांदी आणि पाय यांच्यात चार बोटं उजेड. नवव्यात नुसती निळी रेघ. ते आठवं मी त्या बांधावर उभ्या उभ्या किती वेळ बघत होते, सांगता येत नाही.

यात खोटही आहे. या पद्धतीत फोकस पहिल्या चित्रालाच बांधला जातो, म्हणून पक्षी आपल्या दिशेने झेपावला तर धूसर. आडवा गेला पाहिजे. इलेक्ट्रॉनिक शटरमुळे पंख कधी कधी केळीच्या पानासारखे वाकडे येतात. आणि बॅटरी बघता बघता जाते, दोन जादा बॅटऱ्या खिशात हव्यातच.

सव्वा स्टॉपचं म्हणाल तर तो हिशेब ममदापूरला चुकता झाला. येवल्याजवळच्या त्या गवताळ माळावर काळवीट आहेत. उन्हं उतरायला लागली की नर माद्यांमागे फिरतात, आणि तोच प्रकाश माझ्या लेन्सला झेपत नाही. जुन्या जोडीपेक्षा ही जोडी सुमारे सव्वा स्टॉप कमी प्रकाश घेते. एफ ६.७, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ६४००, सेकंदाचा शंभरावा भाग. शिंगांचे पीळ आहेत, पाठीवरची लव नाही. संगणकावर डाग काढायची सॉफ्टवेअर आता चांगली आली आहेत, त्यांनी निम्मं वाचतं. उरलेल्या निम्म्यासाठी मी रडत नाही, सूर्य टेकला की कॅमेरा बंद करते. ताडोब्याला जायचं झालं तेव्हा सरळ भाच्याकडून जुनी जोडी मागून नेली. तिथे वजन जिप्सी वाहते, खांद्याचा संबंध नाही. उशीच्या अभ्र्यात दोन किलो तांदूळ भरून जिप्सीच्या दांडीवर ठेवले, त्यावर लेन्स. दोन दिवसांनी तांदूळ परत डब्यात.

रतनगडाला पुन्हा गेले ती वर्षभराने, पावसाळा सरता सरता. ओहळ अजून वाहत होते. जंगलातल्या एका धबधब्याशी थांबून पाण्याचं रेशीम करायचं होतं. पूर्वी त्यासाठी ट्रायपॉड आणि काळा फिल्टर लागायचा. ओएम-५ मध्ये लाइव्ह एनडी आहे, अनेक चित्रं एकावर एक घेऊन तो फिल्टरचा परिणाम आतच तयार करतो. दगडाला टेकून, हातातच, अर्धा सेकंद. पाच काढले, तीन स्थिर आले. मागून येणाऱ्या पोरांना वाटलं मी दमून टेकलेय.

शिड्यांवर कॅमेरा छातीशी होता, लहान पाउचमध्ये, दोन्ही हात मोकळे. खांदा कुरकुरला, पण वर गेला.

नेढ्यात वारा असा की टोपी धरावी लागत होती. तिथे मी शहाणपणाने डोंगरांचे चाळीस फोटो काढले आणि घरी येऊन पाहिलं तर सगळे किंचित मऊ. वारा? हात? दोन दिवस डोकं खाजवल्यावर उजेड पडला : मी सगळे एफ १६ ला काढले होते. डोंगर म्हटलं की छिद्र बारीक करायचं, हे फिल्मच्या दिवसांपासून बोटांत भिनलेलं. या छोट्या सेन्सरवर एफ ८ च्या पुढे गेलं की विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने, कडा फुटायला लागतात. आणि गरजही नसते, इथला एफ ५.६ फुल फ्रेमच्या एफ ११ एवढी खोली देतो, म्हणजे जवळचं-लांबचं तेवढंच स्पष्ट येतं. छिद्र बारीक करून मी तीक्ष्णता घालवत होते आणि प्रकाशही. आता डोंगरांना ५.६, पायाशी फूल असेल तर ८, पुढे नाही. कॅमेऱ्याच्या तळाला तशी चिकटपट्टीच लावली आहे.

वाचले ते वेगळेच फोटो. परतायच्या आधी सहज म्हणून ७५-३०० लावली होती. तिला धुक्याचं, पावसाचं संरक्षण नाही, म्हणून तोवर ती दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली. तिच्यावर छिद्र ६.७ च्या आसपासच राहिलं, म्हणून ते फोटो वाचले. रुंद लेन्समध्ये अलंग-मदन-कुलंग म्हणजे क्षितिजावरच्या तीन सुपाऱ्या. दीडशेच्या आसपास पिळल्यावर ते चौकट भरून उभे राहिले, मागे निळ्या रंगाच्या एकाहून एक फिक्या घड्या, मदनच्या कातळावर ढगाची सावली सरकताना. जुन्या काळी लांब लेन्स पक्ष्यांच्या दिवशी आणि रुंद लेन्स डोंगरांच्या दिवशी निघायची. दोन्ही एकत्र गडावर आल्या त्या दिवशी मी सॅक उघडलीच नव्हती, त्यामुळे डोंगराला पक्ष्याची लेन्स लावून बघायची बुद्धीच झाली नव्हती. आता माझे निम्मे डोंगर त्याच लेन्समधून येतात. १२-४५ उलट खाली वाकते : ती वीतभर अंतरावर फोकस करते, तेव्हा सोनकी, तेरडा, पावसाळी बेडूक तिच्या वाट्याला.

जूनपासून सगळा पसारा एका हवाबंद डब्यात असतो. पूर्वी त्यात शेवया असायच्या. आत लहानसं आर्द्रतामापक आणि कापडी पुरचुंडीत सिलिका जेल. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये राहिला पाहिजे. ती बुरशीची कोळिष्टकं बघितल्यापासून मी तो दिवसातून दोनदा बघते. साठच्या वर गेला की निळे खडे गुलाबी झालेले असतात, मग स्वयंपाकातून कायमची बाद केलेली जुनी कढई मंद गॅसवर ठेवायची आणि खिडकी उघडून ते परतायचे. परवा बाहेर पाऊस कोसळत होता, मी खडे परतत होते, आणि सासूबाई देवघरातून ओरडल्या, "काय गं, भाजणी आत्ताच?"